तर्रीचा घाम

जीवरामनाना माझे थोरले दीर. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात त्यांची कीर्ती एकच, तिखट खाण्याची. जन्म गेला कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी ढकलण्यात, पण शेवभाजीसमोर बसले की पाटलाची ऐट! वाडगा पांढराशुभ्रच लागायचा, म्हणजे लाल तर्री उठून दिसते. तर्री दिसली की चेहरा खुलायचा, सकाळचं भांडणसुद्धा मिटायचं. ताटात वरणभात दिसला की तोंड पाडून बसायचे. "आजारी मानूसनं जेवन!" म्हणायचे. अहो, आजारी हेच होते!

दोन वर्षांपूर्वी पोटात व्रण निघाला, डॉक्टरनं मिरची बंद केली. नाना ऐकतात होय! मग माझ्या जावेनं, वच्छलाबाईनं, डोकं चालवलं. नुसत्या रंगाची मिरची आणली. लालभडक, पण तिखटाच्या नावानं बोंब. पहिल्या दिवशी आम्ही दोघी जीव मुठीत धरून दाराआडून बघत होतो. नानांनी तर्री पाहिली, भुरका मारला आणि कपाळावर दरदरून घाम! नाक ओढत म्हणतात कसे, "व्वा! आज झनका शे!" मी पदर तोंडात कोंबला. तेव्हापासून हा माणूस दुधाचे दात असलेल्या पोरालाही चालेल अशी भाजी खातो आणि रोज टॉवेल भिजवतो.

एवढ्यावर भागलं असतं तर माझं काय जात होतं? पण पोरीच्या लग्नातही हेच घोडं! मेघाला बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला नाना आधी शेवभाजीला बसवायचे. दोंडाईच्याच्या एका पोरानं तर्री बघूनच दही मागितलं. झालं, स्थळ मोडलं. मेघाला त्याचं काही नव्हतं. तिचा जीव होता रावेरच्या योगराजवर. दोघं जळगावला एका कॉलेजात होती. "काकू, हे मोडलं तर मी दुसरं बघणार नाही," असं तिनं मला बजावून ठेवलं होतं. आणि ती बोलते ते करते, बापासारखी तोंडाची वाफ नाही दवडत.

योगराज आईला घेऊन आला. पंगत बसली. नानांनी पहिल्याच घासाला घाम काढला. योगराज शांतपणे जेवत होता. दुसरा वाडगा संपला, तिसरा संपला. कपाळ कोरडं ठाक. नानांचा टॉवेल ओला आणि जावई होऊ पाहणारा पोरगा भाकरी कुस्करतोय!

"तिखं लागस का नही रे?" नानांनी डोळे वटारले.

"नाही मामा," तो भाबडेपणानं म्हणाला. "रंग मात्र झकास आहे."

बापरे! नाना ताटावरून उठले. "यानी जीबच मरी जायेल शे! जीब मरेल घरमा पोर देवाव नही मी!" दही मागितलं तरी नापास, घाम नाही आला तरी नापास. अशा माणसाच्या पोटी पोर जन्माला घालताना देवानं विचार तरी काय केला असेल! वच्छलाबाई माझ्याकडे बघायला लागली. खरं सांगावं तर नवऱ्याची अब्रू जाते, नाही सांगावं तर पोरीचं घर मोडतं. योगराजची आई पिशवी उचलून उभी राहिली.

तेवढ्यात मेघा स्वयंपाकघरातून आली. हातात मिरचीचा डबा. बापासमोर उभी राहिली, चमचा भरला आणि ते लालजर्द तिखट कोरडंच तोंडात टाकलं. डोळ्याला डोळा भिडवून चावत राहिली. गिळलं. ना हाय, ना हुय.

"बाबा, हाईच मिरची दोन वरीसपासून तुम्ही खाई राह्यनात," ती म्हणाली. "मी ह्याच पोऱ्यासंगे लगीन करसू."

मेघाचं कपाळ कोरडं होतं. नाना मात्र तिच्या तोंडाकडे बघता बघता मानेपर्यंत घामानं निथळले आणि ओरडले, "आरे, पोरले पानी द्या कोनी!"