मालिकेतला बहिरा मुलगा आणि माझी बहीण

माझी धाकटी बहीण तीन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. आम्ही तेव्हा हदगावला होतो. पुढे लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांना माणसं हवी होती, आणि महसूल खात्यात कारकून असलेल्या बाबांची बदली तिकडे झाली. आम्ही लातूरला राहायला गेलो ते ऐन दुष्काळात. नळाला पाणी नव्हतं. टँकर यायचा, हॉर्न वाजला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावायची. बहिणीला हॉर्न ऐकू यायचा नाही, तरी बहुतेक वेळा आमची घागर पुढे असायची. ती ओट्यावर बसून समोरच्या बायांचे चेहरे बघत राहायची आणि कुणी उठायच्या आधीच उठायची. मी हे रोज बघत होतो, पण त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही.

गल्लीत टीव्ही एकाच घरी होता, किराणा दुकानवाल्या काकूंकडे. काकू लिंगायत, कपाळाला भस्म लावणाऱ्या, आणि आम्ही बौद्ध. गावाकडे अशा घरांत आम्ही ओट्याच्या पुढे सहसा गेलो नव्हतो. काकूंनी पहिल्याच रविवारी बहिणीच्या दंडाला धरून तिला थेट टीव्हीसमोर आणून बसवलं. दाटीवाटीनं बसलेल्या पोरांना म्हणाल्या, "सरका रे जरा. हिला ऐकू येत न्हाई, मग नीट दिसू तरी द्या." त्या एका वाक्यासाठी मी आजही काकूंचा ऋणी आहे.

रविवारी सकाळी मुलांची एक मालिका लागायची. तिच्यात एक बहिरा मुलगा होता. तो सदा हसतमुख, भांग पाडलेला, कुणी ढकललं तरी गप्प राहणारा. माझी बहीण मनासारखं झालं नाही की चावायची. त्या मुलाला पाहून बाया पदर डोळ्याला लावायच्या, आणि मला वाटायचं, आपली बहीणही अशी असती तर किती बरं झालं असतं. हे लिहितानाही माझी मान खाली जाते.

एका भागात त्या मुलाच्या पाठीमागे त्याच्या आईच्या हातातलं ताट पडलं. मुलगा तसाच चित्र काढत बसला. सगळ्या बाया "अगं बाई" म्हणून हळहळल्या, आणि माझी बहीण खळखळून हसली. मी तिला चिमटा काढला. तिला गोष्ट कळली नाही, असंच मला वाटलं. तशी तिला गोष्ट सांगायचं काम माझंच होतं. पण मला स्वतःला मालिका बघायची असायची, म्हणून मी हाताच्या एखाद्या खुणेवर तिची बोळवण करायचो.

शेवटच्या भागात तो मुलगा देवळात गेला, कुणीतरी घंटा वाजवली आणि त्यानं मान वर केली. त्याला ऐकू येऊ लागलं. काकू रडल्या, माय रडली, आणि खरं सांगायचं तर मीही रडलो.

त्याच दुपारी काकू आमच्याकडे आल्या. मायला म्हणाल्या, "वहिनी, पोरीसाठी नवस बोलू या."

माय म्हणाली, "आमच्यात नवस-सायास न्हाई करत, अक्का. सोडलं ते समदं."

"तुम्ही नका बोलू. मी बोलते, फेडते बी मीच. तुम्ही फकस्त श्रावण सरेपर्यंत तिला त्या शाळेत धाडू नका. तिथं हातवारे शिकवतात म्हणं. एकदा हातानं बोलायला लागली की कान कशाला माघारी येतील?"

ती शाळा मूकबधिर मुलांची होती. तेव्हा असंच म्हणायचे. जिल्हा झाल्यावर एका भाड्याच्या घरात ती नुकतीच सुरू झाली होती, आणि बाबा तिथं विचारून आले होते. रात्री जेवताना ते मायला म्हणाले, "शाळेवाले म्हणून राहिले, पाणीच न्हाई, यंदा थोडीच पोरं घेऊ. या महिन्यात नाव न्हाई घातलं तं पुढच्या साली या म्हणतात."

"एक श्रावण तं थांबू," माय म्हणाली.

"अन् जागा गेली तर?"

मायनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी मनातून तिच्याच बाजूचा होतो. बहिणीला ऐकू आलं की दुकानात, गल्लीत, पाहुण्यांसमोर तिच्या वतीनं बोलायचं माझं काम सुटणार होतं. मला ती बरी व्हायला हवी होती, पण ती बरीचशी माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवसापासून माय सकाळी बहिणीच्या पाठीमागे उभी राहून स्टीलची ताटली फरशीवर टाकू लागली. बहीण भाकरी खात असायची, तिच्यासमोर मी. ताटली वाजायची, बहीण खात राहायची, आणि माय ताटली उचलून पदरानं पुसायची. धुवायला पाणी कुठलं? असं बरेच दिवस चाललं. एका सकाळी ताटली पडली आणि बहिणीच्या पापण्या झपकल्या.

"झपकल्या!" माय म्हणाली. "बगितलं का रे?"

मी बघितलं होतं. मायनं तिला पोटाशी धरलं आणि काकूंना हाक मारली. काकू पिठाच्या हातानं आल्या. मायनं पुन्हा ताटली टाकली, पापण्या पुन्हा झपकल्या. काकूंनी तिचा गाल कुरवाळला आणि हात जोडले. मला राहवेना, म्हणून मीही उठून मायशेजारी जाऊन उभा राहिलो. तिसऱ्यांदा ताटली पडली. बहीण जशी बसली होती तशीच बसून राहिली.

"आता काय झालं?" काकू म्हणाल्या.

बहिणीनं वळून मला शोधलं. उठून माझा हात धरला, मला पुन्हा माझ्या जागेवर बसवलं आणि माझ्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. ताटली वाजली की माझ्या पापण्या मिटायच्या, आणि त्या बघून ती आपल्या मिटत होती. मग तिनं काकूंच्या घराकडे हात केला, केसांत बोटांनी भांग पाडला, खाली मान घालून हवेत चित्र काढलं, मागे ताट पडल्याची खूण केली आणि डोळे झपकवले. आणि तशीच हसली, त्या रविवारसारखी. तिचं बोलणं घरच्यांनाच कळायचं. ती म्हणाली, "त्याला येतं ऐकू."

त्या दिवशी ताट पडलं तेव्हा तो मुलगा दचकला होता, अगदी पापणीपुरता. ते खोलीभर माणसांत तिला एकटीला दिसलं होतं. आणि माय रोज ताटली टाकते ती आपण त्या मुलासारखं करून दाखवावं म्हणून, असं ती धरून चालली होती. मायला खूश करायला ती ते शिकली होती.

माय खाली बसली. बहीण काय म्हणाली ते मी काकूंना सांगितलं.

"म्हंजे ते पोरगं सोंग करत होतं?" काकूंनी विचारलं.

"टीव्हीतलं सोंगच की, अक्का. आपणच येड्यावानी..." मायनं ताटली उचलून बाजूला ठेवली.

काकू बहिणीकडे बघत होत्या. तिच्या गालाला पीठ लागलं होतं ते त्यांनी पुसलं, पण पिठाच्याच हातानं, त्यामुळे ते आणखी पसरलं. म्हणाल्या, "वहिनी, उद्याच शाळेत जा. देवाचं मी बगते. त्याला सांगते, कान ऱ्हाऊ दे, पोरीला शिकव."

दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्धी रजा टाकली आणि आम्ही सगळे गेलो. शाळेच्या अंगणातला हौद कोरडा होता आणि त्यात उतरून दोन मुलं हातांनी कडाकडा भांडत होती. आत बाईंनी बहिणीला काहीतरी विचारलं. सवयीनं मी उत्तर दिलं. बाईंनी मला हातानं बाजूला केलं आणि तिच्यासमोर घागरीचं चित्र धरलं.

"तिला विचारलंय, बाळा," त्या मला म्हणाल्या.

बहिणीनं आधी माझ्याकडे बघितलं. ती माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होती, आणि ते तिथं होतंही. मी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं. मग तिचा तो घरच्यांनाच कळणारा आवाज आला, आणि त्यानंतर बाई म्हणाल्या, "बरोबर."