चोवीस मास्तर, एक बाई आणि महाडचा ट्रेनिंग वर्ग

मास्तर माणसाला कुणी शिकवायला जाऊ नये. एकटा असला तर मान डोलवून गप्प तरी बसेल. पण पंचवीस जण एका खोलीत कोंडलेत, तर तिथं रोज एक किस्सा जन्माला येणारच! आमच्या ट्रेनिंगच्या वर्षात ते इतके साठले, की पुढं कुणाच्या लग्नात आम्ही चारजण शेजारी बसलो तर पंगत उठली तरी आमचं जेवण चालूच. वाढपी वैतागायचे बिचारे.

गोष्ट सन तीसच्या पुढच्या दोन-चार वर्षांतली. मी पाचाडच्या शाळेवर होतो. सातवीची फायनल पास झालो आणि मास्तर म्हणून लागलो, तेवढंच माझं भांडवल. अशा अनट्रेंड मास्तरांसाठी वरून हुकूम सुटला: महाडला वर्षभराचा वर्ग भरेल, तिथं शास्त्रशुद्ध शिकवायला शिका, आणि शेवटी शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांसमोर एक पाठ द्या. पास झालात तर नोकरी पक्की. नापास झालात तर घरी बसा!

माझ्यासारख्या तरण्यांना त्याची फारशी भीती नव्हती. मुंबईला गिरणीत आमचे दोन काका होते, त्यांनी कुठंतरी चिकटवलं असतं. खरा जीव टांगणीला लागला होता तो विठोबा मास्तरांचा. वय पन्नासच्या घरात. पोलादपूरच्या वर दोन तास चढलं की एक वाडी लागते, तिथं वीस वर्षं ते एकटे शाळा चालवत होते. त्यांच्या आधी तिथं तीन मास्तर नेमले होते. तिघंही खाली उतरले ते परत चढलेच नाहीत. म्हणजे विठोबा मास्तर नापास झाले, की वाडीची शाळा बंद. हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही.

पंचवीस जणांत एकच बाई, मुलींच्या शाळेतल्या यमुनाबाई. आणि आम्हाला शिकवायला पुण्याहून आलेले तात्यासाहेब. खांद्यावर उपरणं, नाकावर चष्मा, आणि प्रत्येक वाक्य इस्त्री केलेलं.

*

पहिल्याच दिवशी मानसशास्त्र. तात्यासाहेब म्हणाले, "लक्षात घ्या, बालकाचे मन म्हणजे कोरी पाटी. आपण लिहू ते त्यावर उमटते."

आम्ही भराभर वहीत उतरवलं. विठोबा मास्तर नुसते बसून होते.

"का हो? आपण लिहीत नाही?"

"साहेब, एक अडचण हाय. आमच्याकडं पोर येतं, पाटी येते. मन मागनं येतं, गुरं बांधून!"

तात्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "यावर आपण उद्या बोलू," म्हणाले. वर्ष संपलं, पण तो उद्या काही उजाडला नाही.

*

मग आल्या पाच पायऱ्या. कुठलाही पाठ असो, पाच पायऱ्यांनीच चढायचा. आधी मुलाला काय येतं ते विचारायचं, मग "आज आपण अमुक शिकणार आहोत" असं जाहीर करायचं, त्याला म्हणायचं हेतुकथन. मग प्रत्यक्ष शिकवणं, मग उजळणी, आणि शेवटी उपयोजन, म्हणजे शिकलेलं वापरून दाखवायचं. हे सगळं आदल्या दिवशी टाचणवहीत लिहून काढायचं. ज्याच्या तोंडात बघावं त्याच्या पायऱ्या!

दासगावचे बाबामियाँ मास्तर तर पार झपाटले. अंगानं आडवे, हसले की खोली हलायची. एका संध्याकाळी आम्ही बाजारातल्या हॉटेलात गेलो. बाबामियाँ मालकासमोर उभे राहिले आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "काल तू आम्हाला काय दिलंस?"

"चहा."

"शाब्बास! चहात काय काय असतं?"

"दूध, साखर... मास्तर, बरं हाय ना तुमाला?"

"मग या सगळ्यावरून सांग, आज आपण काय करणार आहोत?"

"आज आपण," मालक फडकं खांद्यावर टाकत म्हणाला, "पुढचं गिऱ्हाईक बघणार हाय!"

*

आता माझीच फजिती सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचीच टवाळी करतो.

वर्गाला जोडून एक छोटी शाळा होती. आम्ही सराव करायचो तो तिथल्या पोरांवर. गेल्या साली आमच्यासारखे पंचवीस, यंदा आम्ही पंचवीस, आणि पाठ ठरलेले तेच ते. माझा पहिला पाठ होता गाय, दुसरीच्या वर्गात. तीस मिनिटांचं टाचण मी घोटून घोटून पाठ केलेलं. मागच्या बाजूला सगळे मास्तर वह्या उघडून, शेजारी तात्यासाहेब घड्याळ लावून.

मी हसरा चेहरा केला. "मुलांनो, आपल्याला दूध कोण देतं?"

तर सगळा वर्ग एका सुरात सुटला! "गाय! गायीला चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट असतं! गाय गवत खाते! गाय रवंथ करते! गाय उपयुक्त प्राणी आहे!"

माझं टाचण पहिल्याच श्वासात संपलं होतं. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी दया येऊन म्हणाली, "गुरुजी, तुमी हेतुकथन केलाच नाय. आता करा."

मी केलं. दुसरा इलाजच नव्हता! फळ्यावर गाय काढली, तर मागनं सूचना आली, "शिंगं नंतर काढायची गुरुजी, आधी आमाला विचारायचं काय राहिलं म्हणून." ते पण केलं. तरी घड्याळात नऊ मिनिटंच झालेली. मी नुसता खडू धरून उभा. शेवटी तीच चिमुरडी उठली.

"गुरुजी, आता उपयोजन करा आणि सोडा आमाला!"

*

पाठ झाला की टीका. सगळ्यांनी उभं राहून आपापल्या वहीतली टीका वाचायची. नियम असा, की आधी गुण सांगायचा आणि मग दोष, म्हणजे समोरचा खचत नाही म्हणे! आम्ही पुरुष लोक एकमेकांना सांभाळून घ्यायचो. "आवाज खणखणीत होता", "अक्षर बरं होतं", असं काहीतरी. यमुनाबाई कुणाला सोडत नसत.

माझ्या गायीनंतर त्या उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. वाचू लागल्या, "गुण: घंटा वेळेवर झाली."

मी वाट बघत होतो, अजून एखादा गुण येईल म्हणून. त्यांनी पान उलटलं. "दोष, क्रमांक एक..." तिथून पुढं साडेतीन पानं. खचलो तर खचलोच, वर सगळा वर्ग हसतोय!

म्हणून बाईंचा पाठ आला त्या दिवशी चोवीसच्या चोवीस मास्तरांनी पेन्सिली तासून आणल्या. आज सूड! बाईंनी चिमणीच्या घरट्यावर पाठ घेतला. त्या शिकवू लागल्या आणि ती सगळं पाठ असलेली पोरंसुद्धा गप्प झाली. संपल्यावर तात्यासाहेब म्हणाले, "चला, टीका." सगळ्यांच्या वह्या कोऱ्या!

विठोबा मास्तर उठले. "दोष एकच, साहेब. बाई शिकवत होत्या तवा आम्ही लिवायचं विसारलो."

यमुनाबाई वर्षभरात त्या एकाच दिवशी लाजलेल्या आम्ही पाहिल्या.

*

वस्तुपाठाचा नियम असा, की वस्तू खरी हवी. चित्र चालणार नाही. तात्यासाहेबांचं ते लाडकं तत्त्व. "प्रत्यक्ष वस्तू! प्रत्यक्ष!" असं टेबलावर बोट आपटून सांगायचे.

बाबामियाँच्या वाट्याला खेकडा आला. दासगावच्या खाडीवर जन्मलेला माणूस, त्याला काय कमी! सकाळी टोपलीभर जिवंत चिंबोऱ्या घेऊन हजर, वर ओलं फडकं. पाठ झकास चालला होता. पाय किती, नांग्या किती, चालतो कसा. "चालतो कसा" म्हणताना बाबामियाँनी टोपली आडवी केली.

तुम्हाला काय सांगू! पोरं बाकांवर, आम्ही बाकांवर, आणि पुण्याचे तात्यासाहेब धोतराचा सोगा आवरत थेट टेबलावर! पण बाणा असा, की वरूनच ओरडले, "पाठ चालू ठेवा! खंड पडू देऊ नका!" बाबामियाँ ओणवे होऊन बाकांखाली चिंबोऱ्या पकडताहेत आणि प्रत्येक पकडीला विचारताहेत, "सांगा मुलांनो, आता ही कुठं लपली?" वर्गात एवढी उत्तरं आजवर कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांनी त्यांना गाठलं. "नियमाप्रमाणे पाठाची साधनं शाळेच्या कपाटात जमा करायची असतात. ते खेकडे जमा झालेले दिसत नाहीत."

"झाले जमा, साहेब," बाबामियाँ पोटावरून हात फिरवत म्हणाले. "आम्हा सहा जणांत वाटून ठेवलेत."

*

असं हसत-खिदळत वर्ष सरलं, पण विठोबा मास्तरांचं काही खरं दिसेना. त्यांचा एकही सराव पाठ धड झाला नाही. टाचण हातात धरलं की माणूस थिजायचा. पहिली पायरी झाली की चौथी, मग एकदम दुसरी. रोज सकाळी नदीवर अंघोळीला उतरले की पाचही पायऱ्या मोठ्यानं म्हणायचे, आणि वर्गात पाय ठेवला की सगळं साफ! आम्ही सगळे आळीपाळीनं त्यांचा सराव घ्यायचो. यमुनाबाईंनी तर त्यांना सगळं टाचण मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. मला त्यांच्याकडं बघवत नसे.

परीक्षेच्या दिवशी त्यांच्या वाडीचे दोघेजण पहाटेच निघून खाली उतरले होते. दाराशी उकिडवे बसलेले. मास्तर आले तसे उठले.

"मास्तर, शाळा सारवून ठेवली हाय."

"बरं केलंत," मास्तर म्हणाले. आणि चपला काढून आत गेले.

डेप्युटीसाहेब म्हणजे कडक माणूस. हसलेले कुणी पाहिले नव्हते. मागच्या खुर्चीवर बसून, मांडीवर मार्कांची वही ठेवून, सकाळपासून तिघांना त्यांनी नापास केलं होतं. विठोबा मास्तरांनी चिठ्ठी उचलली. विषय निघाला, आपली नदी. इयत्ता चौथी.

मास्तर फळ्यासमोर उभे राहिले ते राहिलेच. तात्यासाहेब खाकरले. यमुनाबाई पदराआडून पुटपुटल्या, "हेतुकथन, मास्तर, हेतुकथन!" मास्तरांच्या हातात बाईंनीच लिहून दिलेलं पाच पायऱ्यांचं टाचण होतं. त्यांनी ते एकदा पाहिलं, चारदा दुमडलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. मी डोळेच मिटून घेतले. गेली शाळा!

"पोरांनो," मास्तरांचा आवाज आला, वाडीवरचा, मोकळा. "आमच्या घरामागं डोंगरात एक झरा हाय. करंगळीएवढा. काल मी त्यात फणसाचं एक पान टाकलं. ते पान आता कुठं असंल रे?"

पोरांना सगळी उत्तरं पाठ होती, पण हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता!

"ओढ्यात?" एकानं भीत भीत विचारलं.

"ओढ्यात! मग?" मास्तर फळ्याकडं वळले आणि वरच्या कोपऱ्यातून एक रेघ ओढू लागले. वर्गाकडं सरळ पाठ केली, म्हणजे मार्क गेले. बोली भाषा, मार्क गेले. हेतुकथनाचा पत्ता नाही. बाजूच्या मास्तरानं कपाळावर हात मारला.

"मग सावित्रीत!"

"पोलादपुराला वाट बघतंय कोण? तिथं धुणं धुतात. अडाकलं का पान?"

"नाय! सुटलं!"

"मग?"

"महाड! आमच्या घाटाजवळून!" आता पोरं बाकांवर उभी. रेघ वाकडीतिकडी खाली येत होती. दोनदा खडू मोडला, मास्तरांनी तुकड्यानंच पुढं ओढली.

"मग?"

"दासगाव!"

बाबामियाँनी मांडीवर थाप मारली.

"पुढं?"

पुढं कुणाला येईना. महाडची पोरं, दासगावच्या पलीकडं कोण कशाला गेलेलं!

"थांबलं काय रे पान?" मास्तर फळ्यालाच नाक लावून रेघ रुंद करत होते. "समुद्राला जायचं हाय त्याला. सांगा की कोणीतरी! पुढं काय?"

"आंबेत!" मागनं आवाज आला. "मग म्हाप्रळ! तिथून खाडी ही एवढी रुंद होते, आणि मग बाणकोट, अगदी आमच्या परसाला लागून जातं!"

मास्तर वळलेसुद्धा नाहीत. खडू फळ्यावरच.

"कोण रे तो मधीच बोलतोय? बोट वर कर आधी!"

आम्ही चोवीस जण मागं वळलो. डेप्युटीसाहेबांनी मांडीवरची वही खाली ठेवली आणि बोट वर केलं.