झाडं नसलेलं फॉरेस्ट

माझ्या आधीची बहीण दीड वर्षाची होऊन तापात गेली. घरात कोरं कापड नव्हतं. मायनं अंगावरच्या लुगड्याचा पदर फाडला, त्यात तिला गुंडाळलं. वडिलांनी आमच्या धामणगाव बढ्याच्या वरच्या अंगाला खडकाळ, उजाड बरडावर तिला पुरलं आणि वर एक पांढरा धोंडा ठेवला. उरलेलं तोकडं लुगडं माय पुढं दोन वर्षं नेसली. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी पितरांची घागर भरून झाली की ती तांब्या घेऊन बरडावर जायची, धोंड्यावर पाणी घालायची.

मी मॅट्रिकला होतो त्या वर्षी बरडावर जंगलखात्याचे हद्दीचे मुनारे उभे राहिले. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं आत जायची बंदी, आणि अखाजी येते उन्हाळ्यातच. जंगलाच्या नाकेदारानं मायला मुनाऱ्यापाशीच अडवलं. वडील त्याच्याशी बोलायला गेले.

"साहेब, एक तरी झाड दाखवा, मंग याले फॉरेस्ट म्हना."

"पागोटं काढ," नाकेदार म्हणाला. "तुह्या टकलावर तरी केस हायेत का? तरी डोकंच म्हनतात ना बे त्याले?"

लोक हसले. वडील पुन्हा तिकडे गेले नाहीत.

अमरावतीच्या कॉलेजात मी जाडजूड इंग्रजी कोश पहिल्यांदा उघडला तो 'फॉरेस्ट' हाच शब्द पाहायला. त्याचं मूळ लॅटिन निघालं, अर्थ 'बाहेर'. राजानं शिकारीसाठी राखलेली, सगळ्यांच्या कायद्याबाहेर काढलेली जमीन म्हणजे फॉरेस्ट. तिथं माळ, गवत, दलदल काहीही असो. झाडांचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. मला फार मोठं घबाड सापडल्यासारखं झालं.

सुटीत घरी येऊन मी ते वडिलांना मोठ्या ऐटीत सांगितलं.

"म्हंजे नाकेदार खरं बोलत होता," ते म्हणाले.

माय ज्वारी पाखडत होती. "बाहेर म्हंजे कोनाच्या बाहेर रे बापू? माही पोरगी त आत हाये."

मी जंगलखात्याच्या साहेबाला चार पानी इंग्रजी अर्ज लिहिला. शब्दाची सगळी कुळी त्यात मांडली, आणि मायला वाचून अर्थ सांगितला.

"पोरीचं लिवलं का त्यात?" तिनं विचारलं.

नव्हतं लिहिलं. त्या अर्जाला उत्तरही आलं नाही.

बी.ए. झाल्यावर दुसरा लिहिला, पाच ओळींचा. एका आईला अखाजीच्या दिवशी तिच्या मुलीला पुरलं त्या जागी पाणी घालायचं आहे. ती विस्तव नेणार नाही. दोन महिन्यांनी परवानगी आली.

त्या अखाजीला आम्ही वर गेलो. पांढरा धोंडा कुठंच नव्हता. मुनारे बरडावरचेच दगड उचलून रचले होते. माय बराच वेळ फिरली, मग एका जागी बसली.

"अठीच अशीन," म्हणाली, आणि तांब्या रिता केला.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वर्षातून एक दिवस मायला बरडावर जाता यावं, एवढा हुकूम मी मिळवला.