दारामागची पिशवी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही. देवासमोरही नाही — त्याला माहीत असेलच, वेगळं काय सांगायचं? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गल्लीतले नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. लिहिताना अडते. पण आज अडतेय ती त्यामुळं नाही.

लखनौच्या विकास नगरात, आमच्या गल्लीत, कुठल्याही घराच्या दारामागं बघा. खिळ्याला एक पिशवी दिसेल. तीत पाण्याची बाटली, भाजलेले चणे, टॉर्च, शिट्टी, रोजच्या गोळ्या, कागदपत्रांच्या झेरॉक्स. जमीन हलली की उचलायची आणि बाहेर पडायचं. पाहुणे बघून कौतुक करतात. मग समोरची मिश्राइन माझ्याकडे बोट दाखवते, "सब अम्मा का सिखाया हुआ है."

शिकवलं मीच. कसं शिकवलं, ते मात्र कुणी विचारत नाही.

यांची बँकेत बदली झाली म्हणून मी इथं आले. पुढं मुलगा नोकरीला बेंगळुरूला गेला, हे वारले, मी त्याच घरात राहिले. गल्लीत कुणी वाईट वागलं नाही. जाता-येता "नमस्ते अम्माजी" — संपलं. भाजीवाला भैया सोडला तर दिवसभरात तोंड उघडायचं काम नव्हतं. तो आपल्या गावी गेला की तेही नाही.

एकदा एक सरकारी माणूस पार्कात येऊन भूकंपावर बोलून गेला होता. चित्रांचे कागदही वाटले त्यानं. बायकांनी ते मसाल्याच्या डब्यांखाली अंथरले. मी माझ्या कागदावर डाळ निवडली. पिशवी कुणी भरली नाही. का भरावी? कागदाला कोण भितं?

मग दोन हजार पंधराच्या एप्रिलमध्ये जमीन हलली. मोठं नुकसान नेपाळात झालं. आमच्याकडे पंखे झुलले, मांडणीवरची भांडी वाजली. सगळी गल्ली पार्कात धावली. मीही, अनवाणी. जो तो घोळक्यात बोलत होता — कोण कुठं होतं, कुणाचं दूध गॅसवर राहिलं. मी बाकावर. तेवढ्या गर्दीतही बाकावर मी एकटीच.

मिश्राइनला काय आठवलं कोण जाणे. तिथूनच ओरडली, "अरे अम्मा, आपके महाराष्ट्र में भी तो आया था न? बहुत बड़ा वाला?"

सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

आला होता, लातूरकडे. तेव्हा मी इथंच होते, रेडिओवर ऐकलं. माझी धाकटी बहीण कुसुम बार्शीला. तिला काही झालं नाही. महिनाभर अंगणात झोपली आणि मला पत्र लिहिलं — आक्का, मी उशाशी पेल्यावर पेला रचून ठेवते, हललं की पडतात, जाग येते.

एवढंच सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम. पण बहीण वाचली म्हटलं की लोक "अच्छा" म्हणतात आणि तोंड फिरवतात. मी त्या वळलेल्या तोंडांकडे बघितलं — आणि म्हटलं, "बहन थी. दीवार के नीचे रह गई."

मग मिश्राइन आली आणि तिनं मला पोटाशी धरलं. यांच्या दिवसांनंतर मला कुणी असा हात लावला नव्हता. मी रडले. रडणं खरं होतं, हे आणखी वाईट.

त्या आठवड्यात माझ्या घरी चूल पेटली नाही, एवढी ताटं आली. बायका येऊन बसायच्या, विचारायच्या, अम्मा, काय करावं? मी कुसुमच्या पत्रातलं सांगायची. पेले रचा. चपला पलंगाखाली ठेवा. पाणी भरून ठेवा. तिनं सोसलेलं मी माझं म्हणून सांगितलं आणि तिलाच मारून टाकलं. महिन्याभरात घराघरांत पिशव्या लागल्या. सरकारी कागदानं जे झालं नाही, ते मेलेल्या बहिणीनं केलं.

आणि बहीण जिवंत होती.

दुसऱ्या वर्षी तिचा फोन आला. "आक्का, मुलगा तिकीट काढतोय. तू फक्त चारबाग स्टेशनवर ये मला घ्यायला. मलिहाबादचा दशहरी आंबा झाडाखाली बसून खायचाय. जन्मभर ऐकतेय तुझ्याकडनं."

मी म्हटलं, उन्हाळा फार आहे.

हिवाळ्यात म्हटलं, थंडी फार आहे. पुढच्या वर्षी म्हटलं, घराला रंग काढलाय. रंग कसला? भिंतीला साधा चुना लागला नव्हता. एकदा ती म्हणाली, "तुला मी नकोच आहे का गं?" मी म्हटलं, काहीतरीच बोलू नकोस, आणि फोन ठेवला.

ती शेंगाचटणी पाठवायची, खलबत्त्यात कुटलेली. मिश्राइन पराठ्याबरोबर खायची, बोटं चाटायची. "किसके हाथ की है, अम्मा?"

"भाचेसुनेच्या," मी सांगितलं.

खरं सांगून टाकावंसं नाही वाटलं? वाटलं. मग मनाला म्हणायची, खोटं कळलं तर लोक पिशव्या काढून टाकतील, उद्या खरंच काही झालं तर? हे कारण मला फार आवडायचं. पण ते कारण नव्हतं. ताटं बंद झाली असती, दार वाजलं नसतं — एवढंच कारण. आमच्या गल्लीनं भूकंपाची तयारी केली. मी फक्त एकटेपणाची केली, आणि तीही दुसऱ्याच्या जिवावर.

तिसऱ्या वर्षी, जूनमध्ये, मिश्राइन माझ्या पिशवीतलं पाणी बदलायला आली होती. माझी पिशवी तीच बघते. बाटली धुता धुता माझ्यावर ओरडत होती, "चने कौन खा गया, अम्मा? आफत से पहले ही?" मी हसले. तेवढ्यात फोन वाजला. बार्शीहून भाचा होता. "मावशी, आई सकाळी गेली." झोपेतच. तो रडत होता. विचारत होता, निघतेस का, थांबू का.

मी म्हटलं, "नको थांबू." आणि फोन ठेवला.

मिश्राइननं ओला हात पदराला पुसला. माझ्या तोंडाकडे बघितलं. "किसका फोन था, अम्मा?"

ती तिथंच उभी होती, हाताच्या अंतरावर. नुसतं "बहन" म्हटलं असतं तर तिनं मला पुन्हा पोटाशी धरलं असतं. पण ते मी आधीच घेऊन बसले होते.

मी म्हटलं, "राँग नंबर."

तिनं बाटली भरली, झाकण घट्ट लावलं, पिशवी खिळ्याला अडकवली आणि गेली.