अस्वलाच्या पोटातल्या गोळ्या

टेडी शिवताना पाठ सगळ्यात शेवटी बंद करतात. हात, पाय, मान आधी जोडून घ्यायची, मग पाठीला चार बोटांची फट ठेवून तिथून पोटात कापूस ठासायचा. तो पेनच्या मागच्या टोकाने कोपऱ्याकोपऱ्यात सारावा लागतो, नाहीतर महिन्याभरात मान लुळी पडते. मग ती फट आतल्या टाक्याने शिवायची. दोन्हीकडच्या घडीतून सुई आळीपाळीने न्यायची आणि शेवटी दोरा हळूच ओढायचा. फट मिटते, टाका दिसत नाही. कापड इथे कधी उघडं होतं हे कुणाला सांगूनही पटणार नाही.

हा टाका मला फार छान जमतो. जे झालं ते या टाक्यापायी झालं, म्हणून आधी तेच लिहिलं.

मी लोणखेड्याच्या एका कॉलेजात लिपिक आहे. वय एक्कावन्न. शहाद्यात घर, पुढे छोटं अंगण. मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, तेव्हा तिचा लहानपणचा टेडी मागे राहिला. आमच्या कुत्रीने, तांबडीने, त्याचा एक पाय फाडला. तो नीट करायला म्हणून मी तो सगळा उसवला, तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून कडा आखून घेतल्या, आणि मग वाटलं, नवीनच करून बघू. पहिला उंदरासारखा झाला. चौथा अस्वलासारखा दिसायला लागला. त्यानंतर हात थांबले नाहीत.

कापूस आमच्या गल्लीतल्या गादीवाल्या चाचांकडून आणायचो. त्यांचं तीन पिढ्यांचं काम, कापूस पिंजून गाद्या भरायचं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, त्यात पिंजायचं मशीन. मी पिशवी घेऊन गेलो की मशीन बंद करून ते म्हणायचे, "भाऊसाहेब, कितला कापूस खाई ऱ्हायनं तुम्हनं अस्वल? इतलामा माणूसनी उशी व्हई जाती." पण काढून द्यायचे बारीक पिंजलेला, सरकीचा कण नसलेला. हातपाय जोडायला माझी सुई पुरत नव्हती, तेव्हा गादीला टाके घालायची त्यांची एक दाभणही त्यांनी मला देऊन टाकली.

कुत्री दोन. तांबडी आणि तिचाच आधीच्या वेतातला काळा. मी शिवायला बसलो की तांबडी माझ्या मांडीला पाठ लावून बसायची. कापसाचे पुंजके तिच्या नाकाला चिकटायचे, ती शिंकायची. बायको म्हणायची, "दोन कुत्रा आन एक शिंपी, असा संसार शे मन्हा." पण आवाजात राग नसायचा. ऑफिसात मी टेडी शिवतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी मुळात कमी बोलतो. लोक त्याला सज्जनपणा म्हणतात. मीही तेच समजत होतो.

गोळ्यांचं असं झालं की शोकेसमध्ये ठेवलेल्या एका टेडीला पावसाळ्यात कीड लागली. उचलला तर खालून भुसा पडला. दोन महिन्यांचं काम. त्यानंतर शोकेसमध्ये बसणाऱ्या टेडींच्या पोटात मी डांबरगोळ्या घालायला लागलो. फडक्यात बांधून सहा-सहा. आमच्याकडे प्रत्येक ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत त्या असतातच, त्यात वेगळं काय, असं वाटलं. शिवाय त्यांच्या वजनाने टेडी ताठ बसायचा. बायकोला वास आला. म्हणाली, "हाई कुत्रास्ना घर शे. त्यास्ना तोंडमा जाई एखादी. नका घालत जाऊ." मी बरं म्हणालो आणि पुढच्या टेडीत कापराची एक वडी जास्त घातली, वास झाकायला.

मुलांना द्यायच्या टेडींत मात्र मी गोळ्या कधीच घातल्या नाहीत. म्हणजे मला कळत होतं. अजाणतेपणाने झालं असं म्हणायची सोयसुद्धा मी स्वतःला ठेवलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात तांबडीला पाच पिल्लं झाली. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. दीड महिन्याची झाल्यावर मी ती देऊन टाकली. दोन प्रकाशा गावी एका पपईवाल्याच्या शेतावर, एक म्हसावदला, दोन कॉलेजातल्या शिपायाने नेली. एकाच रविवारी पाचही. एकेक करून द्यायला हवी होती, हे मला नंतर कळलं. तांबडी दोन दिवस घरभर हिंडत होती. पलंगाखाली, न्हाणीत, चपलांच्या रॅकमागे. आत डोकं घालायची, बाहेर काढायची, पुन्हा तिथेच घालायची. कुईंकुईं करत नव्हती. आवाज केला असता तर सोसलं असतं.

तिसऱ्या दिवशी शोकेसची काच उघडी राहिली होती. तिने सगळ्यात खालच्या कप्प्यातला टेडी तोंडात धरून आणला. मऊसर तपकिरी, माझा सगळ्यात चांगला. तो आपल्या झोपायच्या पोत्यावर ठेवला, भोवती वेटोळं करून बसली आणि चाटायला लागली. डोक्यापासून पायापर्यंत, जशी पिल्लांना चाटायची.

बायकोचे डोळे भरले. "तिना पिल्लं दी टाकात तुम्हीन. आते हाई तरी ऱ्हाऊ द्या तिले." मग तिला आठवलं. "त्यामा गोळ्या नही शेत ना?"

मी म्हणालो, "नाही."

त्या क्षणाचं खरं कारण लिहितो. खोटं पकडलं जाईल ही भीती होती, पण ती थोडी. टेडी काढून घ्यायचा, पाठ उसवायची, गोळ्या काढायच्या आणि परत शिवायचा, हे अर्ध्या तासाचं काम होतं. बायको बाजाराला गेली की करता आलं असतं. पण त्या पाठीचा टाका माझ्या हातून इतका साधलेला मला पुन्हा साधणार नाही असं वाटलं. चाटेल, चाटून सोडेल, मी मनाशी म्हणालो. शिवण पक्की आहे.

चार दिवस ती त्याला घेऊन फिरली. खाऊ लागली. बायको खूश. पाचव्या दिवशी संध्याकाळी कॉलेजातून आलो तर अंगणभर कापूस. काळ्याने खेळायला म्हणून टेडी ओढला असणार, तिने सोडला नसणार. पाठीची शिवण तशीच होती. कापड शिवणीच्या बाजूने फाटलं होतं. फडकं सुटलेलं. गोळ्या तीन सापडल्या. सहा होत्या.

बायको घरात पोळ्या लाटत होती. मी त्या तीन गोळ्या उचलून पँटच्या खिशात टाकल्या आणि तिला हाक मारून सांगितलं, "अगं, टेडी फाडला गं यांनी." ती बाहेर येऊन कपाळावर हात मारून हसली. मीही हसलो. काळा तुरुतुरु धावत होता. तांबडी मात्र कापसात बसून तोंड चाटत होती.

तेव्हाच उचलून डॉक्टरांकडे नेली असती तर त्यांनी उलटी करवली असती. हे मला डॉक्टरांनीच नंतर सांगितलं.

सकाळी तिने खाल्लं नाही. दुपारी उलटी. दुसऱ्या दिवशी हिरड्या पांढुरक्या पडल्या, आणि लघवी काळ्या चहासारखी. जनावरांचे डॉक्टर घरी आले. डोळ्यांच्या पापण्या उलटवून पाहिल्या, पोट दाबून पाहिलं. विचारलं, "काही खाल्लंय का हिने? उंदराचं औषध, गोळ्या, फवारणीचं काही?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "बाहेर फिरते, साहेब. कुणी घातलं असेल."

एवढंच. दोन वाक्यं. ती बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता.

'कुणी' म्हणजे चाचाच, असं बायकोने लगेच धरलं. कारण आठवड्यापूर्वीच तांबडी चाचांच्या नुकत्याच पिंजलेल्या ढिगावर जाऊन झोपली होती, अंगाला चिखल. तेव्हा चाचा तिला हाकलत ओरडले होते, "हाई कुत्री आखो मन्हा कापूसमा बठनी तं एक दिन जहर दिसू तिले!" अख्खी गल्ली हसली होती. चाचा असे बोलतच असतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या बायकोलाही, आमच्या टाकीचं पाणी त्यांच्या ओट्यावर सांडतं म्हणून, "वहिनी, एक दिन मी होडी ली येसू" असं सुनावलं होतं.

ती तशीच गेली, पदर खोचून. मी मागून गेलो, तिला थांबवायला असं मी तेव्हा समजत होतो. दुकानात दोन गिऱ्हाईकं बसलेली. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "मुका जनावरनी तुम्हनं काय बिघाडेल व्हतं, चाचा?"

त्यांनी मशीन बंद केलं. कापसाचे तंतू त्यांच्या भुवयांवर, दाढीवर. आधी त्यांना वाटलं ही थट्टा आहे. हसले. मग समजलं.

"वहिनी," ते म्हणाले, "तोंडनं बोलनं येगळं. मन्हा हातनी असं काम व्हवाव नही."

"मंग कोनी दिन्हं?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल, हा शहाणा माणूस, हा बायकोला समजावेल. गिऱ्हाईकांपैकी एक जण दुसऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलला. मी बायकोचा दंड धरून म्हणालो, "चल घरी. जाऊ दे." जाऊ दे. म्हणजे माफ करून टाक. मी चाचांना, न केलेल्या गोष्टीसाठी, सगळ्यांसमोर माफ केलं.

तिसऱ्या दिवशी तांबडीला उभं राहता येईना. मी कॉलेजात गेलो, बसवेना, म्हणून जिन्याखाली जाऊन डॉक्टरांना फोन केला. सांगितलं. किती गोळ्या, केव्हा. 

"भाऊसाहेब, मी पहिल्याच वेळी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"मी दुसऱ्याच विषावर उपचार करत बसलो."

"आता काही…?"

"रक्त चढवावं लागेल. इथे कुठे मिळणार? धुळ्याला न्या, पण ती तिथवर टिकेल असं मला वाटत नाही."

मी गाडी ठरवली. घरी पोचलो तेव्हा बायको ओट्यावर बसली होती आणि तांबडीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. गाडीवाल्याने हॉर्न दिला. बायको म्हणाली, "त्याले जाऊ द्या."

त्यानंतर सात महिने मी हे आतमध्ये ठेवलं. या सात महिन्यांत गल्लीत काय झालं तेही लिहायला हवं. मुलं चाचांच्या दुकानासमोरून जाताना कुत्र्याचा आवाज काढायला लागली. कुणीतरी आपलं मांजर दिसेना म्हणून आधी त्यांच्याच दारी चौकशीला गेलं. त्यांच्या बायकोने आमच्याकडे ईदेला शीरखुर्मा पाठवला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आणि माझी बायको म्हणाली, "नही धाडा ते बरंच व्हयनं."  शिवणं मी सोडलं. बायकोला वाटलं तांबडीच्या दुःखाने. तिने माझ्यासाठी सुरतेहून मुलीकडून फरचं नवं कापड मागवलं. ते पाहून मी न्हाणीत जाऊन बसलो.

गेल्या आठवड्यात मी चाचांकडे गेलो. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गोळ्या, खिसा, डॉक्टर. ते गादीच्या कडेला टाके घालत होते, त्यांनी हात थांबवला नाही. मला वाटलं होतं, शिव्या देतील. द्याव्यात असंच वाटत होतं.

शेवटी ते म्हणाले, "माले कसाले सांगतस, भाऊसाहेब? माले तं ठाऊकच शे मी नही दिन्हं. जिले ठाऊक नही तिले सांगा."

"सांगतो."

"सात महिना व्हई ग्यात," ते म्हणाले, आणि दात लावून दोरा तोडला. पुन्हा वर पाहिलं नाही.

तरी चार दिवस गेले. काल सकाळी, चहा पिताना, बायकोला सांगितलं. ती ऐकत राहिली.  मी सांगायचं थांबलो तेव्हा तिने कप खाली ठेवला.

"ती जित्ती व्हती तवय तुम्हले बोलता उनं नही?"

मी नाही म्हणालो.

"आन मी त्या माणूसले…" ती तशीच उठली. आरशात न बघता केस बांधले, पदर डोक्यावर घेतला. मी म्हणालो, "थांब, मी येतो. मलाच जायला हवं." ती म्हणाली, "तुम्ही बठा. तुम्हले नुसतं बठताच येस." तिच्या आवाजात टोमणासुद्धा नव्हता.

ती अनवाणीच गेली. मला उठता येत होतं. पाय धड होते, दार उघडं होतं, चाचांचं दुकान सहा घरांपलीकडे. मी बसून राहिलो. मशीनचा आवाज चालू होता, मग बंद झाला. बायकोचा आवाज मला ऐकू आला, शब्द नाही, नुसता आवाज, चढत आणि तुटत जाणारा. ती तिथे माझ्या वाट्याचं रडत होती आणि मी इथे बसून कान देत होतो, ते तिला काय म्हणतात ते ऐकायला. त्यांचा आवाज आलाच नाही.

बऱ्याच वेळाने ती परत आली. माझ्याकडे न बघता आत गेली. काय झालं, मी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.