मनूचे हात थरथरले तेव्हा

माझ्या मनूचं हसणं नेमकं कधी थांबलं, हे मला सांगता येत नाही. आधी ती आवाजाकडे वळून बघायची, पाळण्यावरच्या चिमण्यांना हात घालायची, तिचे बाबा जिनिंग कारखान्यातून घरी आले की कापसाचे तंतू चिकटलेल्या त्यांच्या मिशा ओढायची. मग हे एकेक कमी होत गेलं. घरातली माणसं एकेक करून उठून जावीत आणि आत बसलेल्याला कळूही नये, तसं झालं. आठवा महिना लागला तेव्हा ती ठेवली तशी पडून राहू लागली. धरलेली मान पुन्हा कलंडायला लागली. वरचं काही भरवलं की तोंड फिरवायची, नुसती अंगावर प्यायची. अंगानं मात्र गुबगुबीत होती, त्यामुळे कोणाला खरंच वाटत नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, "एवढं बाळसं आहे, तुले कायची काळजी?" आमच्या हिंगणघाटातल्याच एका डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं, काही मुलं संथ असतात, वाट पाहू, म्हणाले. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मी वाट पाहत होते, पण कशाची ते मला ठाऊक नव्हतं.

देवाशी माझं त्या दिवसांत फारसं बरं नव्हतं. रोजचा दिवा लागत होता, तो सवयीनं. ज्यानं मूल दिलं त्यानं ते असं थोडंथोडं परत का न्यावं, हा प्रश्न मनात बसून होता आणि तो कोणाला विचारण्याचं बळ अंगात नव्हतं. सासूबाई एक दिवस म्हणाल्या, "एकडाव गिरडले जाऊन येऊ. बाबाच्या पायावर टाकू पोरीले." आमच्या घरी गिरडच्या दर्ग्यातल्या बाबांना सगळेच मानतात. माझा विश्वास होता म्हणून मी गेले, असं म्हणणं खोटं ठरेल. नाही म्हणायलाही शक्ती लागते, ती माझ्याकडे नव्हती.

मनूचे बाबा तिला खांद्यावर घेऊन टेकडी चढत होते. मी मागे पडत होते. कित्येक आठवडे माझ्या तळपायांना मुंग्या येत होत्या. पायाखाली दगड आहे की कापूस, ते धड कळत नव्हतं. बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, असं समजून मी कोणाला बोलले नव्हते. वर पोचल्यावर दर्ग्याच्या उंबरठ्यापाशी मी मनूला खाली ठेवलं आणि मनात म्हटलं, "मला आता काही कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर तुम्ही बघा." प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. फार वेळ उचललेलं ओझं माणूस खाली ठेवतो, तेवढंच ते होतं.

बाहेर येऊन झाडाखाली बसले. घरचे दोघं प्रसाद घ्यायला गेले होते. शेजारी एक बाई चपला काढून बसली होती. तिची दोनतीन वर्षांची मुलगी एका बकरीच्या मागे धावत होती. बाईनं मनूकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, पोरगी हासते काय?"

इतक्या लोकांनी मनूला पाहिलं होतं, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी मान हलवून नाही म्हटलं.

तिनं मनूची मूठ उघडून काळवंडलेली पेरं मला दाखवली. "हे पाह्य. बोटाचे पेरे काये पडले. माह्या पोरीचे बी असेच होते. अंगानं चांगली, पन हासे ना, मान धरे ना. आता पाह्य कशी पयते."

"काय झालं होतं तिला?"

"इटामिन नव्हतं अंगात. बी-बारा म्हंते त्याले. माह्याच दुधात नव्हतं, तं तिले कुठून भेटन? मोठ्या दवाखान्यात ने, आजच ने. सुया देतीन. अन् आयक, सुया सुरू झाल्यावर पोरीचे हात थरथर करतीन. माह्या पोरीचे बी केले. भिऊ नोको, अन् घरी आणू नोको."

घरचे सगळे नवस फेडायला आले होते, असं ती म्हणाली. तेवढ्यात खालून तिला कोणीतरी हाक मारली. तिनं मुलीला कडेवर घेतलं आणि उतरून गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. मनूचे बाबा आले, म्हणाले, "काऊन वं, काय म्हणे ते बाई?" मी सांगितलं. ते विचार करत उभे राहिले, पण सासूबाईंनी पदर खोचला. "इचार कायचा करतं? इथूनच जाऊ."

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मनूला तपासलं, रक्त काढलं, आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवून विचारलं, "तुम्ही काय खाता?" मनू पोटात असताना मला दुधाच्या वासानंच उलटी व्हायची. तेव्हा सुटलेलं दूध-दही पुन्हा सुरू झालंच नव्हतं. कोरा चहा, भाकरी, वरण-भात, भाजी. अंडं-मटण आमच्याकडे कधीच नव्हतं. त्यांनी मला जीभ दाखवायला लावली, पायांचं विचारलं. हे जीवनसत्त्व दूध-दह्यातून नाहीतर मांसाहारी खाण्यातूनच मिळतं, आईच्या अंगात नसेल तर बाळाला दुधातून मिळत नाही आणि त्याच्या मेंदूची वाढ अडते, असं त्यांनी समजावलं. "इंजेक्शनं दोघींनाही लागतील," त्या म्हणाल्या. मला तिथं रडू आलं. मनूसाठी आलं असं सगळ्यांना वाटलं. पण मी काय खाते, हे मला फार दिवसांत कोणी विचारलं नव्हतं.

मनूला तिथंच दाखल करून घेतलं आणि लाल रंगाचं ते औषध सुरू झालं. मनू माणसांच्या तोंडाकडे बघायला लागली. आणि मग एका दुपारी तिचे हात थरथरायला लागले. हनुवटी हलू लागली, डोकं हलू लागलं. माझे सासरे, मामाजी, डबा घेऊन आले होते. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "सुयांनी पोरीले काय करून ठेवलं? बांधा सामान. दुसरीकडं नेऊ, नाई तं घरी ठेवू." मनूच्या बाबांनी पिशवी उचलली. डॉक्टरीणबाई दुसऱ्या वॉर्डात होत्या. असं होऊ शकतं हे बहुतेक त्यांनीही सांगितलं असेल. पण पहिल्या दिवशीच्या धास्तीत आमच्यापैकी कोणाच्या ते ध्यानात राहिलं नव्हतं.

मामाजींसमोर मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "मामाजी, आपण थांबू. त्या बाईनं सांगतलं होतं असं होते म्हून."

"कोण बाई? नाव काय तिचं? गाव कोणतं?"

"मले माहीत नाई. पन आपण थांबू."

मनूला मांडीवर घेतलं. तिचे हात माझ्या मनगटावर थरथरत होते, आणि मी खूप घाबरले होते, हे मी लपवणार नाही. ती बाई चुकली असेल तर? पण आता दुसरं काही धरायला नव्हतं. सासूबाई उठल्या, मुलाच्या हातातली पिशवी घेऊन त्यांनी खाटेखाली सारली. "ठेव ते. मायच म्हणून राह्यली ना थांबा, तं थांबा." डॉक्टरीणबाई आल्या. शरीर सावरताना काही बाळांना असं होतं, औषध देऊ, हळूहळू कमी होईल, म्हणाल्या. मामाजी डबा मांडीवर घेऊन स्टुलावर बसून राहिले. त्यांनी तो उघडलाही नाही.

थरथर जायला बरेच दिवस लागले. ती पूर्ण जाण्याआधीच एका सकाळी मामाजी जोरात शिंकले आणि मनू हसली. आवाज काढून हसली. मामाजींना आधी खरं वाटेना. मग ते खोटंखोटं शिंकत राहिले, नर्सबाई रागावेपर्यंत.

आता मनू चालते. बोलणं थोडं मागे आहे, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. माझ्या पायांना दगड पुन्हा दगडासारखा लागतो. सासूबाई माझ्या ताटात आधी दह्याची वाटी ठेवतात, मग बाकीचं. लोक विचारतात, बाबांनी बरं केलं की इंजेक्शनांनी? मी वाद घालत नाही. औषधाचं नाव मला पाठ आहे आणि ते मी दुसऱ्या आयांना सांगते. एवढंच कळतं की त्या दिवशी मी थकून सगळं खाली ठेवलं होतं, म्हणून अनोळखी बाईचं बोलणं कानात शिरायला जागा झाली. शरण जाणं याहून मोठं काही असेल, तर ते मला अजून कळलेलं नाही. जेवढं कळलं तेवढ्यासाठी मी ऋणी आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गिरडला गेलो. उंबरठ्यापाशी बराच वेळ गेला असावा, कारण बाहेर आल्यावर मनूचे बाबा म्हणाले, "एवढं काय मांगत होती वं?"

"काहीच नाई."

"मंग इतका वेळ काय करून राह्यली होती?"

"बसली होती," मी म्हटलं.