एकवीस घरांची तबकडी

घड्याळजींना डोळ्यावर भिंग नसताना पाहिलेली माणसं गल्लीत फार थोडी. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर आणि त्यामागे परस, एवढ्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. आजकाल येतात ते सेल बदलायला. पण चावीचं एखादं घड्याळ आलंच तर स्वारी अशी खुलते, की गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. बंद पडलेली वस्तू उघडून आत डोकावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक.

घर मात्र चालायचं ताईच्या धाकात. ताई म्हणजे थोरली बहीण. तीस वर्षांपूर्वी सासरहून आली, ती एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात ठिपक्यांची कोंबडी घेऊन. का आलीस, हे भावानं विचारलं नाही. "कोंबडीला खोका देऊ का?" एवढंच विचारलं. त्या कोंबडीच्या लेकी, नाती, पणत्या परसात सुखानं नांदल्या. यंदा एकच उरली होती. शेजारच्या कोंबड्याचं भिंतीवरून येणं-जाणं होतं, टोपलीत सात अंडी जमली होती, आणि खुडूक बसायच्या आधीच तिच्यावर भटक्या कुत्र्यानं झडप घातली.

ताई रडली नाही. म्हणाली, "एवढाच माझा संसार होता. आटोपला." त्या दिवसापासून ती परसात फिरकेना.

घड्याळजींना ते बघवेना. त्यांनी थर्माकोलच्या खोक्याच्या झाकणाला काच लावली, आत बल्ब बसवला, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावला, कोपऱ्यात पाण्याची वाटी ठेवली, आणि तापमापकाचा काटा साडेसदतीस अंशांवर आणून स्थिर केला. अंड्यांच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून पाच वेळा अंडी उलटून फुलीचा गोल करायचा. खोक्यावर एकवीस घरांची पुठ्ठ्याची तबकडी, तिचा काटा रोज एक घर पुढे. मंगळवारी दुपारी चार वाजता अंडी ठेवली आणि काटा लावला एकवर.

शेजारचा न्हावी खिडकीतून डोकावला. "काय घड्याळजी, अंड्यांना चावी दिली का?"

"दिली. तुझ्या तोंडाला कुलूप घालायचं तेवढं राहिलंय."

सातव्या घरावर काटा आला तेव्हा त्यांनी अंधार करून प्रत्येक अंड्यामागे टॉर्च धरली. दोन रिकामी निघाली. पाचांत लाल शिरांचं जाळं, आणि मधे एक ठिपका हलत होता. "ताई, बघ तरी येऊन!"

"मला नको दाखवूस," आतून उत्तर आलं. "दिसलं की जीव गुंततो."

अठराव्या घरावर अंडी उलटणं थांबलं, झाकण बंद झालं. आता पिल्लं बाहेर येईपर्यंत ते उघडायचं नव्हतं.

सोमवारी काटा एकविसावर आला. दुपार झाली, संध्याकाळचे पाच वाजले. अंडी ढिम्म. घड्याळजींचे हात शिवशिवू लागले. त्यांनी भिंग चढवलं, बारीक चिमटा घेतला आणि झाकणाला हात घातला.

"काय चाललंय?" दारात ताई उभी.

"आत अडकलं असेल कुणी. सोडवतो."

"ठेवलीस कधी?"

"मंगळवारी, दुपारी चारला."

"आणि आज?"

"सोमवार. पण मंगळवार पहिला, बुधवार दुसरा..."

"चारला ठेवलीस आणि पाचला एक दिवस झाला? पोर जन्मलं की त्याच दिवशी वर्षाचं होतं का रे?"

"अगं, तबकडी एकपासूनच सुरू होते."

"तुझी तबकडी! कोंबडी मंगळवारी बसली की मंगळवारीच पिल्लं घेऊन उठते. आज फोडलं असतंस तर रक्त निघालं असतं. शेवटच्या दिवशी पिल्लू ते आत ओढून घेतं. आण तो चिमटा इकडे!"

घड्याळजींनी निमूटपणे चिमटा दिला. ताई तो मुठीत धरून खोक्यासमोर बसली, आणि पहिल्यांदा काचेतून आत पाहिलं. "पाचच?" ती हळूच म्हणाली.

मंगळवारी सकाळी कवचाआडून चिवचिव आली, जेवणाच्या वेळी पहिली चीर पडली, आणि मग तासभर काहीच नाही. घड्याळजी पुढे सरकले की ताई म्हणे, "हात मागे!" संध्याकाळपर्यंत चार पिल्लं भिजल्या कापसासारखी बाहेर पडली. पाचवं अंडं दुसऱ्या दिवशीही गप्पच राहिलं. ते ताईनं दोन्ही हातांनी उचललं, परसात पुरलं आणि लगेच परत आली.

मग सुकलेली पिल्लं बल्बखाली वर्तमानपत्रावर ठेवली, कण्या पसरल्या. पण पिल्लं नुसती उभी.

"भूक नाही का यांना?"

"आहे रे. पण खायचं असतं हे सांगणार कोण?" ताई जमिनीवर बसली, तर्जनी वाकवली आणि दाण्याशेजारी कागदावर नख आपटलं. टक, टक. एक ठिपक्यांचं पिल्लू जवळ आलं, मान तिरकी करून बघत राहिलं आणि नेमकी तिच्या नखालाच चोच मारली.

"मेले! दाणा तिकडे आहे!" ताई इतकी हसली, की पिल्लं बिचकली. पुन्हा टक, टक. या वेळी दाणा चोचीत गेला.

"तू काय उभा राहून बघतोस?" ती भावाला म्हणाली. "चार आहेत. माझं एक बोट कुठं कुठं पुरणार?"

घड्याळजी समोर मांडी घालून बसले आणि बोट वाकवलं.